पहिला निपर, पहिली पाती: मॉडेल किटच्या नवख्यांसाठी खान्देशातली खरेदी

भुसावळला आमच्या घरी पहिलं प्लास्टिकचं विमान आलं, ते मी नेलकटरनं कापलं होतं. मामानं पुण्याहून आणलेलं एअरफिक्स कंपनीचं नॅट, १:७२ स्केल, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं, जेमतेम तळहाताएवढं. खोक्यात गोंद होता, रंग होते, ब्रशही होता. कापायला मात्र काही नव्हतं. नेलकटरनं पंखाच्या कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा उडवला. ते विमान अजून कपाटावर आहे, एका पंखाला उंदरानं चावल्यासारखं.

त्यानंतर कापायच्या हत्यारांवर मी जेवढे पैसे वाया घालवले, तेवढ्यात आणखी तीन-चार किट आली असती. म्हणून हा लेख. जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा आसपासच्या गावात राहून ज्याला पहिलं किट जोडायचंय, त्यानं काय घ्यायचं, कुठल्या दुकानात शोधायचं, घेताना काय बघायचं आणि घरी आणल्यावर ते आधी कशावर चालवून बघायचं, एवढंच इथे आहे. रंग, गोंद आणि पुट्टी हे वेगळे विषय.

आधी कापायचंय काय, ते बघा

किटचं खोकं उघडलं की भाग सुटे मिळत नाहीत. प्लास्टिकच्या जाड काड्यांच्या चौकटीत ते लटकलेले असतात. त्या काडीला रनर म्हणतात, काही जण स्प्रू म्हणतात. रनरपासून भागापर्यंत जाणारी जी बारीक मान असते, ती गेट. वितळलेलं पॉलिस्टायरीन याच वाटेनं साच्यात शिरलेलं असतं. तुम्हाला तोडायचाय तो गेट. हा फरक डोक्यात पक्का करा, कारण चांगल्यातले चांगले निपर, म्हणजे भाग कापायच्या बारीक तोंडाच्या पकडी, लोकांनी जाड रनरवर चालवूनच मोडलेत. त्यातला एक मी.

पॉलिस्टायरीनचा स्वभावही जाणून घ्यायला हवा. ते कडक असतं, पण कापताना दोन पात्यांमध्ये चेपलं गेलं की कापलेल्या जागी पांढरा डाग उमटतो. आत बारीक बारीक चिरा पडतात आणि त्यावर उजेड विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. पाती जितकी जाड आणि बोथट, तितका डाग मोठा. निपरच्या किमतीतला बराचसा फरक या एका पांढऱ्या डागासाठी मोजलेला असतो. आता विचार करा: तुम्ही मॉडेल रंगवणार असाल, तर घासून, प्रायमर मारून तो डाग तसाही झाकला जाणार. रंग न देता, प्लास्टिकच्या मूळ रंगातच मॉडेल ठेवणाऱ्यांना त्याचा खरा त्रास. जपानच्या बांडाय कंपनीची गुंडम यंत्रमानवांची किट जोडणारे बहुतेक याच गटातले. ही किट १९८० पासून निघतात आणि साध्या निपरबद्दल सर्वांत जास्त तक्रारी मी त्यांच्याच तोंडून ऐकल्यात. त्यांचं बरोबर आहे. पण त्यांचं ऐकून विमानं आणि रणगाडे रंगवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी पाच-सहा हजारांचा निपर मागवायचं कारण नाही.

पहिल्या फेरीत चारच वस्तू

निपर, सुरी, खाली ठेवायला कटिंग मॅट आणि घासायला वॉटर पेपर. करवत, स्क्रायबर, नीडल फाइल हे सगळं नंतर, गरज पडेल तेव्हा. बाजारात ‘बारा हत्यारांचा मॉडेलिंग सेट’ मिळतो, त्याच्या नादी लागू नका. मी लागलो होतो. त्यातली नऊ हत्यारं कधी वापरलीच नाहीत, आणि जी तीन वापरली ती महिन्याभरात बदलावी लागली.

‘हॉबी शॉप’ अशी पाटी मी तरी आपल्या तीन जिल्ह्यांत कुठे पाहिली नाही. त्यानं काही अडत नाही. या चारही वस्तू गावातच मिळतात, फक्त भलत्या दुकानांत. निपर मिळतो मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे. जळगावात असाल तर गोलाणी मार्केटमध्ये एक चक्कर मारली तरी पुरे. सुरी सर्जिकलच्या दुकानात, म्हणजे दवाखान्यांना हातमोजे आणि सलाईन स्टँड पुरवणाऱ्याकडे. मॅट स्टेशनरीवाल्याकडे. वॉटर पेपर कुठल्याही रंगाच्या दुकानात. आणि जळगावचं सोनं ज्यांच्या हातून घडतं, त्या कारागिरांना हत्यारं विकणारी दुकानं सराफ बाजाराच्या आसपास आहेत. तिथलं काम पुढे निघेल.

निपर: दुकानात काय बघायचं

दुकानात हमखास होणारं संभाषण आधीच सांगून ठेवतो.

“भाऊ, निपर दाखवा ना, बारीक तोंडाचा.”

“तार कापायला?”

“नाही, प्लास्टिक.”

“प्लास्टिक तर कशानंही कापतं भाऊ. हा घ्या, टापारियाचा, आयुष्यभर जाईल.”

तो खोटं बोलत नसतो. टापारिया आपल्या नाशिकचा, आमच्या घरातला साइड कटर माझ्या वडिलांच्या वेळचा आहे आणि अजून तार कचाकच तोडतो. पण वायरमनच्या साइड कटरच्या पात्यांना दोन्ही बाजूंनी उतार असतो. त्यानं कापलेलं टोक घराच्या छपरासारखं मधे उंच राहतं. तारेला ते चालतं, पंखाच्या कडेला चालत नाही. तुम्हाला हवाय तो फ्लश कटर: एका बाजूनं पाती अगदी सपाट आणि दुसऱ्या बाजूनं खोलगट. सर्किट बोर्डवरच्या घटकांचे पाय कापायला दुरुस्तीवाले हाच वापरतात. रंगीत रबरी दांड्यांचे साधे फ्लश कटर मी शे-दीडशे रुपयांपासून घेतलेत.

एकच घेऊ नका, तीन-चार समोर ठेवायला सांगा. एकाच डब्यातल्या दोन निपरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, स्वस्तात तर असतोच. मग प्रत्येकाचं हे बघायचं:

तोंड हलकेच मिटा आणि दुकानातल्या ट्यूबलाइटकडे धरा. दोन पात्यांच्या मधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. टोकाला पाती जुळलेली आणि मागे सांध्याकडे केसभर फट, हे चालेल. टोकाला फट आणि मागे जुळलेलं असेल तर खाली ठेवा, कारण आपलं सगळं काम टोकानं होतं.

मग सपाट बाजू डोळ्यांसमोर धरा. दोन्ही पाती एका पातळीत हवीत. एक पातं दुसऱ्याच्या किंचित पुढे आलेलं असेल, तर गेट कापताना भाग पिळवटतो.

सांधा हलवून बघा. दांडे वर-खाली डुगडुगले तर नको. स्प्रिंग फार कडक असेल तर दीडशे भाग कापता कापता अंगठा बोंबलतो.

शेवटी खिशातून पॉलिथिनचा तुकडा काढा. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन असलं तरी हरकत नाही. निपरच्या अगदी टोकानं तो कापून बघा. सरळ कापला गेला तर घ्या. दुमडून पात्यांत अडकला तर दुसरा बघा. दुकानदार हसेल. हसू द्या. माझ्या ओळखीचा दुकानदार आता स्वतःच वेष्टन पुढे करतो.

सुरी: अकरा नंबरचा घोळ

परदेशी मॉडेलवाले ज्या सुरीबद्दल बोलतात ती पेनासारखी, पुढच्या चिमटीत पातं आवळून धरणारी, एक्स-ॲक्टो कंपनीच्या सुरीसारखी. तिच्या टोकदार पात्याला ते ‘अकरा नंबर’ म्हणतात. डॉक्टरांच्या स्कालपेलमध्येही टोकदार पात्याचा नंबर अकराच. दोन्ही अकरा, पण एकाचं पातं दुसऱ्याच्या दांड्यात बसत नाही. स्कालपेलच्या पात्याला मधे लांबट खाच असते आणि ती दांड्यावरच्या उंचवट्यावर सरकून बसते. एक्स-ॲक्टोचं पातं नुसतंच चिमटीत आवळतात. ऑनलाइन पाती आणि गावातून दांडा अशी खिचडी केली तर पैसे गेले.

आपल्याकडे सोयीचा स्कालपेलच. सर्जिकल दुकानात ‘तीन नंबरचा हँडल आणि अकरा नंबरची ब्लेड’ एवढं म्हणा. चार नंबरचा हँडल घेऊ नका, त्याला वीस आणि त्यापुढची मोठी पाती लागतात. तीन नंबरला १०, ११, १२, १५ ही बसतात. त्यातलं अकरा रोजच्या कामाला, आणि पोटाशी गोल असलेलं दहा नंबर घासून-खरवडून काढायला. पाती एकेक सीलबंद पाकिटात येतात, बहुतेक शंभरच्या खोक्यात. ओळखीनं मागितली तर सुटी दहाही देतात. कार्बन स्टील की स्टेनलेस, असं विचारतील. कार्बनची धार मला जास्त आवडते, पण जुलैत ओलसर हवेत उघडं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर तपकिरी ठिपके दिसतात.

स्कालपेलचं पातं पातळ असतं, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. सरळ ओढलं तर लोणी कापल्यासारखं चालतं, पण पिळलं किंवा त्यानं काही उचकटायला गेलात तर टोक तुटून उडतं. कुठे उडेल याचा नेम नाही. म्हणून चष्मा नसणाऱ्यांनी साधा सेफ्टी गॉगल घ्यावा. उचकटायच्या आणि जाड कामाला स्टेशनरीतला स्नॅप-ऑफ कटर बरा. तुकडे मोडत जाणाऱ्या पात्याची ही कल्पना जपानच्या ओसाका शहरातली, १९५६ सालची. ओल्फा कंपनीच्या योशिओ ओकादांना ती फुटलेल्या काचेच्या धारदार कडा आणि चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा यांवरून सुचली. कंपनीचं नावच ‘मोडायचं पातं’ या अर्थाच्या जपानी शब्दांवरून पडलंय.

पातं बसवताना आणि काढताना बोटं वापरायची नाहीत. हे मी बजावून सांगतो. बारीक तोंडाच्या पकडीनं पात्याची बोथट पाठ धरायची, खाच दांड्याच्या खोबणीवर टेकवायची आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत सरकवायचं. काढताना टोक अंगापासून लांब, खाली धरायचं. पकडीनं पात्याचं मागचं टोक किंचित उचलायचं आणि पुढे ढकलायचं. पहिल्यांदा करताना आजूबाजूला पोरंटोरं नकोत. आणखी एक. सुरी टेबलावरून घरंगळली तर पकडायला जाऊ नका. पाय मागे घ्या आणि पडू द्या. पातं पन्नास पैशांचं असो की पाच रुपयांचं, पायाच्या टाक्यांपेक्षा स्वस्त.

मॅट आणि पेपर

हिरवी, चौकटी आखलेली कटिंग मॅट घ्या, ए४ पुरते, ए३ असेल तर आराम. ती पीव्हीसीची असते, आणि आपल्याकडे तिचा वैरी सुरी नव्हे, ऊन आहे. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा खिडकीत ठेवलेली मॅट दुपारपर्यंत पापडासारखी वळते. चहाचा गरम कप ठेवला तरी तिला तेवढ्या जागी पोक येतो. उभी करून ठेवू नका, कपाटात आडवी ठेवा आणि वर चार वह्या.

वॉटर पेपर ४००, ६०० आणि १००० नंबरचा, एकेक ताव. आइस्क्रीमच्या काडीला चिकटवले की झाल्या पट्ट्या.

घरी आल्यावर: किट लांब ठेवा

नवं हत्यार हातात आलं की किट उघडायची घाई होते. थांबा. पहिली संध्याकाळ फक्त भंगारावर काढायची. माझ्या मते यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच, आणि बहुतेक लोक हाच गाळतात.

भंगार कुठलं? किटच्या चौकटीच्या कोपऱ्यात असे रनर असतात ज्यांना कुठलाच भाग जोडलेला नसतो, ते कापून घ्या. तेच प्लास्टिक, तीच जाडी. दुसरं, जुन्या सीडीचं पारदर्शक खोकं. आमच्या घरात अहिराणी गाण्यांच्या सीडीच्या खोक्यांची चळत होती, आई ती टाकू देईना. शेवटी माझ्या कामी आली. हे खोकंही पॉलिस्टायरीनचंच, पण पारदर्शक आणि ठिसूळ, अगदी विमानाच्या काचेच्या भागांसारखं. दोन्हींवर हत्यार कसं वागतं ते बघा, म्हणजे किटमध्ये पुढे काय होणार ते कळतं.

निपरची चाचणी अशी. भंगार रनरला जोडलेले तीन बिनकामाचे गेट निवडा आणि तो रनर म्हणजेच भाग असं समजा. निपरची सपाट बाजू भागाकडे, खोलगट बाजू टाकाऊकडे. नवखे हमखास उलटं धरतात, कारण खोलगट बाजूनं टोक स्पष्ट दिसतं. एकदा मुद्दाम उलटं कापून बघा, टोकावर राहिलेला सुळका दिसला की पुन्हा चूक होत नाही. मग ते तीन गेट तीन अंतरांवर कापा: एक भागाला चिकटून, एक अर्धा मिलिमीटर सोडून, एक दीडेक मिलिमीटर सोडून. ट्यूबलाइटखाली तिरपं धरून पांढरा डाग किती खोल गेलाय ते बघा. साध्या निपरनं चिकटून कापलं तर डाग भागाच्या अंगात शिरलेला दिसेल, मिलिमीटर सोडून कापलं तर तो उरलेल्या ठोंब्यातच राहील. तुमच्या निपरचं सुरक्षित अंतर हे असं ठरतं. माझ्या दीडशे रुपयांच्या निपरचं ते एक मिलिमीटर निघालं. निपरच्या दांड्याला टेपचा तुकडा लावून त्यावर मी ‘१ मिमी’ लिहून ठेवलंय.

आवाजही ऐका. बोथट किंवा जाड पातं ‘कट्ट’ करून तोडतं आणि तुकडा भिंतीवर जाऊन आदळतो. धारदार पातं दाबत नेलं की गेट जवळजवळ आवाज न करता सुटतो. तुकडा उडू नये म्हणून कापताना त्यावर डाव्या हाताचं बोट टेकवा.

सुरीची चाचणी शेजारच्या काकांनी शिकवली. ते वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेत, आयुष्य लेथवर गेलं. मी पात्याची धार अंगठ्यावर बघत होतो तेव्हा ते ओरडलेच. “अरे, धार बोटानं बघतात का? उजेडात धर.” पात्याची कड सरळ डोळ्यांसमोर, दिव्याखाली धरायची आणि सावकाश हलवायची. चांगली धार दिसतच नाही, तिथे उजेड परतायला जागाच नसते. जिथे ठिपका किंवा रेघ चमकते, तिथे धार गेलेली. नवं पातं आणि आठवडाभर वापरलेलं पातं शेजारी शेजारी धरून बघा, फरक एका मिनिटात समजेल.

मग रनरवर पातळ साल काढायची. पेन्सिल तासतो तशी नाही. पातं जवळजवळ आडवं, अंगठा रनरच्या पलीकडे टेकलेला, बोटांची नुसती हालचाल. साल कागदासारखी पातळ आणि गुंडाळत निघाली पाहिजे. भुकटी पडत असेल किंवा पातं अडकत अडकत जात असेल तर एक तर धार गेली, नाही तर तुमचा कोन उभा आहे. त्याच पात्याची पाठ रनरवर काटकोनात ओढून बघा. प्लास्टिकची बारीक भुसी निघते. साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्यामुळे भागावर जी उंच रेघ राहते, ती याच पाठीनं खरवडायची, धारेनं नाही. धारेनं गेलात तर खड्डा पडतो.

सीडीच्या खोक्यावर निपर एकदाच चालवा. तडकेल. चार बाजूंना चिरा पळतील. विमानाची काच रनरवरून काढताना हेच होतं. म्हणून काचेचे भाग निपरनं भागाच्या जवळ कधीच कापायचे नाहीत. लांबून रनर तोडायचा आणि उरलेला गेट करवतीनं हळूहळू काढायचा.

पहिला खरा काप

आता किट. दोनदा कापायचं, एकदा नाही. पहिला काप रनरजवळ, म्हणजे भाग चौकटीतून मोकळा होतो आणि त्यावरचा ताण जातो. दुसरा काप भाग हातात मोकळा धरून, चाचणीत ठरवलेलं अंतर सोडून. उरलेला ठोंबा सुरीनं दोन-तीन पातळ साली काढून जवळपास सपाट करायचा आणि शेवटी ४०० मग ६०० चा पेपर. सुरीनं पूर्ण सपाट करायला जाऊ नका. शेवटचं पाव मिलिमीटर पेपरचं आहे. माझं नॅट तिथेच चावलं गेलं.

बारीक भाग, म्हणजे अँटेना किंवा चाकाचे दांडे, यांना दोन-दोन तीन-तीन गेट असतात. सगळ्यांत नाजूक बाजूचा गेट आधी कापा, जाड बाजूचा शेवटी. उलट केलंत तर शेवटचा गेट कापताना सगळा ताण त्या काडीवर येतो आणि ती मधेच मोडते.

करवत: सराफ बाजाराची देणगी

दोन-तीन किट झाल्यावर करवत लागेल. ऑनलाइन मिळणारी रेझर सॉ, म्हणजे पातळ, सरळ पात्याची करवत, चांगली, पण सोनारांची धनुकलीसारखी करवत त्याहून स्वस्तात काम देते. तिच्या चौकटीत केसासारखं बारीक पातं ताणून बसवतात. २/० सारखी बारीक पाती मागा, डझनावर मिळतात. पातं बसवताना दात मुठीकडे, खाली तोंड करून. कापणं ओढताना होतं, ढकलताना नाही. पातं बोटानं छेडलं तर सतारीच्या तारेसारखं वाजलं पाहिजे. ढब् वाजलं तर ढिलं आहे, लगेच तुटेल. पाती तुटतातच. पहिल्या दिवशी माझी पाच तुटली आणि दुकानातला कारागीर म्हणाला, “पाचच? मग हात बरा आहे तुमचा.”

करवत घाईनं चालवू नका. घर्षणाच्या उष्णतेनं प्लास्टिक मऊ पडतं, दातांत भरतं आणि पातं जागच्या जागी चिकटतं. चार ओढी, मग थांबा.

त्याच दुकानात नीडल फाइल मिळतात, आपण ज्यांना बारीक कानस म्हणतो. एक चपटी, एक गोल, एक अर्धगोल पुरे. पितळेवर वापरलेली कानस प्लास्टिकला लावू नका, आणि उलटही नको.

पितळेवरून आठवलं. काही किटमध्ये पितळी पत्र्याचे जाळीदार भाग येतात, फोटो-एच म्हणतात त्यांना. प्लास्टिकचा निपर त्यांना दाखवायचासुद्धा नाही. मॅटवरही कापू नका, मॅट दबते आणि पत्रा वाकतो. घरात टाइल्स बसवताना उरलेला तुकडा घ्या, त्यावर भाग ठेवा आणि दहा नंबरचं जुनं पातं वरून दाबा.

महागडा निपर कधी

जपानमधल्या त्सुबामे शहरातल्या गॉडहँड कंपनीच्या निपरांसारख्या महागड्या निपरांत कापणारं पातं एकच असतं. दुसरी बाजू सपाट बसक्या ऐरणीसारखी, गेटला नुसता आधार देणारी. एकाच बाजूनं कापल्यामुळे प्लास्टिक चेपलं जात नाही आणि डाग जवळपास नाहीसा होतो. कापताना हाताला लागतं ते सुख मी नाकारत नाही. पण ते पातं नाजूक असतं. ते फक्त बारीक गेटसाठी. रनर, पारदर्शक प्लास्टिक, तार, पितळ यांच्यासाठी नाही. निपर पिळायचा नाही, टेबलावर पाडायचा नाही. त्यामुळे हा घेतला तरी रनर तोडायला साधा निपर ठेवावाच लागतो. टामिया कंपनीचा टोकदार साइड कटर हा मधला रस्ता: दोन पाती, बारीक टोक, बराच काटक. माझा सल्ला, साध्या निपरनं पाच किट पूर्ण करा. त्यानंतरही घासण्यात फार वेळ जातोय असं वाटलं तर टामिया. सहावं किट रंग न देता ठेवायचं असेल तरच एकपाती.

मी माझा एकपाती निपर दीड वर्षं जपला. गेल्या दिवाळीत दाजी आले होते, पंख्याची वायर सोलायला काहीतरी हवं होतं, टेबलावर नारिंगी दांड्यांचं छान हत्यार दिसलं. मी किचनमधून धावत येईपर्यंत तांब्याच्या तारेनं पात्याच्या मधोमध अर्धगोल खाच पाडली होती. दाजी म्हणाले, “एवढं नाजूक असतं होय? मग काय उपयोग?” पाहुण्याला काय बोलणार. आता नाजूक हत्यारं कुलपाच्या ड्रॉवरमध्ये आहेत आणि दर्शनी भागात एक साइड कटर टांगून ठेवलाय, घरच्यांसाठी.

काम झालं की निपरच्या तोंडातली प्लास्टिकची भुसी जुन्या टूथब्रशनं काढा. पावसाळ्यात सांध्यावर आणि पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि जादाचं तेल पुसून टाका, नाहीतर तेलकट बोटांमुळे पुढे रंग धरत नाही. स्कालपेलची पाती पाकिटातून लागतील तशी काढा.

वापरलेली पाती घंटागाडीत सुटी टाकू नका. कचरा हातानं निवडणाऱ्या माणसाच्या बोटात ती जातात. मी बामच्या मोठ्या पत्र्याच्या डबीच्या झाकणाला करवतीनं चीर पाडलीय, तिच्यातून पातं आत सोडतो. झाकण एम-सीलनं कायमचं बंद केलंय. डबी भरली की वर ‘ब्लेड’ लिहून वेगळी द्यायची. दोन वर्षं झाली, अजून अर्धीच भरलीय.